पेन पोटात घालतं, पंप घालत नाही

फोंडा, १४ जुलै

चि. बाय,

परवा रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी पाहिला. ‘मावशी, इन्सुलिनचा पंप घेऊ की पेनच बरं?’ एवढी एक ओळ आणि खाली मीटरचा फोटो. मीटरवर साखर ४९. आधी फोटोबद्दल बोलते, मग प्रश्नाबद्दल. ४९ असताना फोटो काढत बसायचं नसतं, साखर खायची असते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, पुन्हा बोट टोचायचं. ७० च्या वर गेली नसेल तर पुन्हा तीन चमचे. चॉकलेट नको, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर चढायला वेळ लागतो. रिसेप्शनच्या खणात ग्लुकोजची पुडी ठेव आणि रात्रपाळीला सोबत जो असेल त्याला ती कुठे आहे ते दाखवून ठेव. लाज वाटत असेल तर सांग, आमच्या टीचरनं बजावलंय. सातवीत तू मला टीचर म्हणायचीस, आता मावशी म्हणतेस. ओरडण्याचा हक्क दोन्हीकडून शाबूत आहे.

तुझ्या डॉक्टरांनी पंप सुचवलाय, कंपनीचा माणूस घरी येऊन डेमो देऊन गेलाय, आई नको म्हणतेय आणि बाबा सोसायटीतून कर्ज काढायला निघालेत, हे सगळं मला आईकडून कळलं. फोनवर बोलून संपणारं नाही, म्हणून लिहिते. डोस मात्र मी सांगणार नाही. तो डॉक्टरांचा प्रांत.

मला हा टाइप १ चा मधुमेह झाला १९८६ साली, डिचोलीला नववीत असताना. घरी काचेची सिरिंज होती, आई ती रोज पातेल्यात उकळायची. साखर बघायची ती लघवीत. परीक्षानळीत पाच मिली बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी. विटेसारखं लाल झालं की आई एक शब्द न बोलता नळी मोरीत ओतायची. तो रंगसुद्धा काही तासांपूर्वीच्या साखरेचा. कालचा पेपर वाचून आजचा बाजार करण्यातला प्रकार. पुढे बोट टोचून साखर बघायचा मीटर आला, इन्सुलिन टोचायचं पेन आलं. २०१४ साली मी पंप घेतला, तीन वर्षं लावला आणि २०१७ मध्ये काढून पेनवर परत आले. का, ते ओघात येईल.

पेनवर तू दोन इन्सुलिनं घेतेस. रात्रीचं लांब पल्ल्याचं ग्लार्जिन त्वचेखाली साठून राहतं आणि दिवसभर झिरपतं. दुसरं जेवणाआधीचं, झटपट चालणारं. अंगावर सतत लावून ठेवायच्या पंपात फक्त हे झटपटच असतं. तासाला समजा पाऊण युनिट, असं थेंबाथेंबानं ते चोवीस तास आत जात राहतं आणि जेवताना तू बटण दाबून जास्तीचं सोडायचं. पंपाचं सगळं सुख यात आहे आणि सगळा धोकाही यातच.

सुख आधी सांगते. पहाटे तीन-चारनंतर यकृत आपणहून साखर सोडायला लागतं. तुझी उठल्यावरची शुगर दोनशेच्या वर असते ती बहुधा त्यामुळे. त्यावर उपाय म्हणून ग्लार्जिन वाढवलं की पहाट जरा सुधारते, पण रात्री दीडला तू ४९ वर येतेस. एकदा टोचलेलं इन्सुलिन परत मागता येत नाही. पंपात मात्र बारा ते तीन कमी, तीननंतर थोडं जास्त, असं लावून ठेवता येतं. मासिक पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस माझी शुगर हट्टाला पेटायची. त्या दिवसांचा वेगळा आराखडा मी पंपात करून ठेवला होता, दिवस आले की तो चालू करायचा. तुला तर दोन्ही पाळ्या सांभाळायच्या, अंगाची आणि हॉटेलची. या आठवड्यात रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात सकाळी सहाला हजर. ठरलेल्या वेळी टोचून ठेवलेलं ग्लार्जिन तुझं ड्युटीचं वेळापत्रक वाचत नाही.

आणि आपलं जेवण. शागुती-वड्यांचं घे. नारळाचं वाटण, तेल, वर मटण. असं जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं. जेवणाआधी टोचलेलं झटपट इन्सुलिन पुढे धावतं आणि साखर मागून रांगत येते. दीड तासानं हात थरथरतात, चार तासांनी मीटर तीनशे दाखवतो, आणि आपण म्हणतो काही कळतच नाही बाई या शुगरचं. पंपात अर्धा डोस आत्ता आणि अर्धा पुढच्या दोन-तीन तासांत, असा वाटून देता येतो. पेनवर हेच करायचं तर दोनदा टोचावं लागतं. पंगत उठल्यावर पाहुण्यांसमोरून पुन्हा आतल्या खोलीत जाणं मी कित्येक वर्षं टाळलं, खोटं कशाला बोलू.

हल्लीचे पंप अंगावर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरशी बोलतात. शुगर घसरायला लागली की स्वतःच इन्सुलिन थांबवतात, चढायला लागली की थोडं वाढवतात. माझ्या पंपाला हे येत नव्हतं. तुला रात्रीचे लो येतात, म्हणजे साखर फार खाली जाते, आणि आई म्हणते की हल्ली घाम-थरथर न होता एकदम ५० च्या खाली जातेस. तसं असेल तर पंपाच्या बाजूनं मला सगळ्यात वजनदार वाटतं ते हेच. फक्त जेवणाचं त्याला अजूनही तूच सांगायचं असतं. ताटात किती भात आहे हे यंत्राला दिसत नाही.

आता धोका. २०१६ ची चवथ. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत नेवऱ्या तळत होते. मग आंघोळ केली, पंपाचा सेट, म्हणजे इन्सुलिन अंगात नेणारी नळी आणि कॅन्युला, बदलायचा दिवस होता म्हणून नवा सेट घातला आणि आडवी झाले. चूक एवढीच. सेट दिवसा बदलायचा, म्हणजे दोन-तीन तासांनी शुगर बघून तो चालतोय की नाही ते कळतं. हे मला शिकवलेलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं. कॅन्युला म्हणजे त्वचेखाली राहणारी प्लॅस्टिकची नळी, जेमतेम भाताच्या शिताएवढी. माझी ती आत शिरतानाच दुमडली. वरून काही दिसत नव्हतं. पंप आपला आकडे मोजत होता, अलार्म नाही की काही नाही, आणि इन्सुलिन पट्टीखाली पाझरत होतं. पहाटे पाचला तहानेनं आणि मळमळीनं जाग आली. पट्टी उचलली तर ती ओली, आणि इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास. मीटरवर चारशेच्या वर, कीटोनच्या (इन्सुलिन संपलं की अंगात साठणाऱ्या आम्लाच्या) पट्टीचा रंग गडद. घरात गणपती बसला तेव्हा मी दवाखान्यात सलाइनवर होते. गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीचं काय केलं, कोणी केलं, मला आजवर नीट माहीत नाही.

पेनवर असते तर हे इतक्या लवकर झालं नसतं. पेनवर जेवणाचं एखादं टोचणं राहिलं तर शुगर चढते, दिवस खराब जातो, पण खाली ग्लार्जिनचा साठा असतो. तुझी चूक पेन पोटात घालतं. पंप घालत नाही. तो अडला की राखीव असं काही उरतच नाही, काही तासांत कीटोन वाढायला लागतात. म्हणून पंप लावलास तर एक गोष्ट अंगवळणी पाड: कारण कळत नसताना शुगर २५० च्या वर गेली तर कीटोन बघायचे, आणि पंपानं दिलेल्या डोसानं तासाभरात उतरली नाही तर पेननं टोचायचं, सेट बदलायचा, कारणाचा शोध मग. म्हणजे पर्समध्ये पेन हवंच, आणि पंप बंद पडला तर ग्लार्जिन किती घ्यायचं तेही डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं हवं. पंप घेतला की पेन सुटतं असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. डेमोवाल्यानं हे सांगितलं का, विचार आईला.

डेमो एसी खोलीत होतो, हेही लक्षात ठेव. आपल्याकडे पावसात आणि मे महिन्यात अंगाला जो चिकट घाम असतो त्यात पट्टीच्या कडा दुसऱ्याच दिवशी सुटायला लागतात. मला पुढे त्या पट्टीच्या डिंकाखाली पुरळ उठायला लागलं, खाजवून खाजवून कातडं सोललं. पंप सोडण्याचं पहिलं कारण ते. फ्रिजमधलं गार इन्सुलिन तसंच पंपाच्या नळकांड्यात भरलं तर कोमट होताना त्यात बुडबुडे सुटतात, आणि बुडबुडा गेला म्हणजे तेवढं इन्सुलिन गेलंच नाही. ते आधी बाहेर काढून ठेवायचं. जाता जाता: वीज गेली की इन्सुलिन ओल्या मडक्यात ठेवा असा सल्ला फिरतो. कोरड्या मुलखात तो छान चालतो. आपल्या जुलैत हवाच एवढी ओली की मडक्यातलं पाणी उडत नाही, मग ते गार कशानं होणार? फ्रिजचं दार बंद ठेवलेलं बरं.

सिरिंजचंही एक सांगून टाकते, कारण अडीअडचणीला तू ती वापरशील. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीत ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं आणि पंपातलं १०० चं. ते लाल टोपीच्या सिरिंजनं दहाच्या खुणेपर्यंत ओढलंस तर दहा समजून पंचवीस युनिट घेशील. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा.

आता मी पंप सोडला त्याचं दुसरं कारण. हे नीट वाच, बाकीचं विसरलीस तरी चालेल.

२०१४ मध्ये पंप घेतला तो शुगरच्या चढउताराला कंटाळून. आज ६०, उद्या ३२०, जेवण तेच, डोस तोच. पंप लावायला आलेल्या नर्सनं माझं पोट चाचपलं आणि म्हणाली, कॅन्युला इथे नको, बाजूला घालू. घातली. आठवड्यात शुगर सुधारली. मी गावभर पंपाची कीर्ती सांगत सुटले. २०१७ मध्ये पुरळामुळे पेनवर परत यायचं ठरलं तेव्हा नवीन डॉक्टरांनी पुन्हा पोट चाचपलं, माझा हात धरून माझीच बोटं तिथे ठेवली. बेंबीच्या डावीकडे सुपारीएवढी गाठ. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून चरबी घट्ट झालेली. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून तर मी तिथे टोचत होते! दुखत नाही ती जागा हात आपोआप शोधतो. पण गाठीतून इन्सुलिन कधी रेंगाळत शिरतं, कधी भसकन. त्यांनी सांगितलं तशा जागा बदलल्या, मांडी, पोटाची दुसरी बाजू, रोज दोन बोटं अंतर सोडून, आणि शुगर पेनवरही ताब्यात राहिली. उलट डोस कमी करावा लागला. ज्या चढउतारासाठी एवढा पैसा घातला त्यातला बराचसा त्या सुपारीचा होता.

तेव्हा तुझं पहिलं काम हे. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं पोट, मांड्या, दंड दाबून बघ. साबणामुळे बोटं सरकतात आणि गाठ चटकन लागते. लागली तर डॉक्टरांना दाखव, डोस त्यांना विचारून मगच जागा बदल. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि तू पुन्हा मला रात्री फोटो पाठवशील. सुई रोज नवी घेतेस की एकच आठवडाभर? उत्तर मला माहीत आहे.

दुसरं काम काट्याचं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घे. शिजलेला भात शंभर ग्रॅम असला तर त्यात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, पावाच्या वजनाच्या साधारण निम्मी. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई एकेक दिवशी एकेका आकाराची असते, म्हणून ‘एक पोई’ हे माप नाही. महिनाभर मोजलंस की डोळा तयार होतो, मग काटा कपाटात. पेज पातळ दिसते म्हणून तिला हलकी समजू नकोस, ती भराभर चढते. उकडा भात सुरय, म्हणजे न उकडलेल्या, भातापेक्षा सावकाश. मानकुराद आंबा मोजून खा, पण खा. हे मोजणं पेनवर लागतं, पंपावर तर त्याहून लागतं, कारण बटण दाबताना तो आधी हाच आकडा विचारतो.

हे मी माझ्या एकटीच्या अनुभवावर सांगत नाही. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १४४१ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. एका गटाला दिवसातून एखाद-दुसरं इंजेक्शन, दुसऱ्याला काटेकोर उपचार. काटेकोर गटात डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशानं घटलं, मात्र जोराचे लो जवळपास तिप्पट झाले. आता गंमत बघ. त्या काटेकोर गटात कुणी पंप लावत होतं, कुणी दिवसाला तीन-चार वेळा टोचत होतं. सगळ्यांत सारखं होतं ते दिवसातून किमान चारदा बोट टोचणं, डोस त्याप्रमाणे बदलणं आणि दर महिन्याला दवाखाना. तू गेल्या वेळी दवाखान्यात कधी गेलीस? फेब्रुवारीत.

आईचं म्हणणं. ‘कमरेला ते यंत्र दिसलं तर स्थळं कशी येतील?’ आईला मी समजावीन, तू भांडू नकोस. पंप मी ब्लाउजमध्ये आतून शिवलेल्या खिशात ठेवायचे, फुगडी घालतानासुद्धा कुणाला पत्ता नसायचा. नळी मात्र एकदा दाराच्या कडीत अडकली आणि सेट उपटून आला. पण लपवायचं म्हणून पंप नाकारणं, तसंच लपवायचं म्हणून लग्नाआधी आजार न सांगणं, दोन्ही मला पटत नाही. माझ्या बाबतीत घरच्यांनी नाही सांगितलं. लग्नानंतर पहिला महिना मी न्हाणीघरात, अंधारात, अंदाजानं टोचत होते. त्या महिन्यातले लो आठवले की अजून पाठीत कळ येते.

पैशाचं थोडक्यात. पंपाची किंमत लाखांत, ती सगळे विचारतात. महिन्याचं कोणी विचारत नाही. सेट तीन दिवसांचा धरला तर वर्षाला एकशेवीस-बावीस सेट, शिवाय नळकांडी, शिवाय सेन्सर, आणि हे पंप आहे तोवर. बाबांनी कर्ज पंपाचं काढलं तरी हा खर्च तुझ्या पगारातून जाणार आहे. हॉटेलच्या मेडिक्लेममध्ये पंप आणि त्याचं सामान बसतं का, ते लेखी विचार. तोंडी ‘बसतं हो’ चालणार नाही. हंगाम संपला की तुमच्याकडे माणसं कमी करतात ना? पंप चालू आणि सेट आणायला पैसे नाहीत, ही अवस्था पेनपेक्षा वाईट.

तर माझं मत. तुझे रात्रीचे लो, पहाटेची शुगर आणि बदलत्या शिफ्ट बघता तुला बहुतेक सेन्सरवाला पंप लागेल आणि तो तुला मानवेलही. पण आत्ता नको. आत्ता फक्त सेन्सर लाव, पेनबरोबर. तो दंडावर असतो, रात्री घसरलीस तर फोन ओरडेल. दोन-चार महिन्यांचा खर्च बाबांनी कर्ज न काढता झेपेल. दसऱ्यापर्यंत गाठी टाळून टोच, भात मोज, महिन्याला दवाखान्यात जा. त्यानंतरही रात्री पडत असशील तर दोष पेनचा, आणि मग पंपासाठी आईशी मी बोलेन. आणि रात्र सुधारली तर कर्ज वाचलं. घेण्याआधी कंपनीकडून आठ-दहा दिवस लावून बघायला मिळतो का ते विचार, आणि मिळाला तर ते दिवस रात्रपाळीचे निवड, सुट्टीचे नकोत. पट्टी घामात टिकते का, अलार्मनं झोपमोड झाली तर तू उठतेस की बंद करून कूस बदलतेस, हे तेव्हाच कळेल. मी बंद करायचे.

रविवारी ये. उपाशी येऊ नकोस, नाश्ता करून निघ. येताना मीटर, पेन आणि सुयांचा डबा आण. काटा आणि चार वेगवेगळ्या पोई मी आणून ठेवते. वापरलेल्या सुया तू वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकतेस असं आई म्हणाली. फिनाइलची रिकामी बाटली धुऊन ठेवली आहे तुझ्यासाठी, झाकणाची. आमच्या वाड्यावर कचरा उचलायला येणाऱ्या बाईच्या अंगठ्याला गेल्या महिन्यात सुई लागली. माझी नव्हती, पण तिनं माझ्याकडेच बघितलं.

तुझी
मावशी